ती ‘सहा हजार वर्षांची गोरखचिंच’ खोटी आहे

‘आफ्रिकेतली ६००० वर्षांची गोरखचिंच, जगातलं सर्वांत जुनं झाड, खोडावर निसर्गानेच कोरलेले प्राणी!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो आत्याकडे पोचला. ती शाळेत शिकवते आणि वर्गात फोटो दाखवणार होती, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

फोटोत आहे ते झाडच नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडम या उद्यानात ते बांधलेलं आहे. उद्यान उघडलं १९९८ साली. उंची १४५ फूट, आत पोलादी सांगाडा, आणि खोडावरचे तीनशेहून अधिक प्राणी कलाकारांच्या हातचे. बुंध्याच्या पोटात चक्क प्रेक्षागृह आहे.

खऱ्या गोरखचिंचेचं वय कुणी मनाने ठोकून द्यायची गरज नाही, ते मोजलेलं आहे. संशोधक ॲड्रियन पात्रुत आणि सहकाऱ्यांनी कार्बन-कालमापन केलं, म्हणजे लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढलं; निष्कर्ष २०१८ साली ‘नेचर प्लांट्स’ या विज्ञानपत्रिकेत आले. त्यातलं सर्वांत जुनं झाड झिंबाब्वेतलं पांके, सुमारे २४५० वर्षांचं. म्हणजे मेसेजमधल्या आकड्याच्या निम्मंही नाही. कॅलिफोर्नियातला मेथुसेला हा ब्रिसलकोन पाइन वलयांच्या मोजणीनुसार ४८०० वर्षांपुढे जातो. मुळांचं वय धरलं तर ६००० अशक्य नाही, एवढं मान्य करावं लागतं: स्वीडनमधल्या ओल्ड त्यिक्को या स्प्रूस जातीच्या सूचिपर्णी झाडाखाली सापडलेलं लाकूड सुमारे ९५५० वर्षांचं निघालं. पण त्याचं आजचं खोड त्या मानाने कोवळं आहे. जुनं मरतं आणि त्याच मुळांतून नवं फुटतं. मेसेज बोलतो खोडाबद्दल.

मला खरा संताप आला तो पुढच्या ओळीचा: ‘जगातल्या सर्वांत उंच झाडाला आयुष्यात एकदा तरी मिठी मारा.’ नका मारू! ते झाड म्हणजे कॅलिफोर्नियातला हायपेरियन हा रेडवूड. २००६ साली सापडला, उंची सुमारे ११६ मीटर. तिथे जायला पायवाट नाही. तरी लोक झाडी तुडवत जाऊ लागले, कचरा आणि विष्ठा मागे टाकू लागले. बुंध्याभोवतीचे नेचे पायाखाली जाऊन नाहीसे झाले. रेडवूडची मुळं उंचीच्या मानाने उथळ असतात, त्यामुळे माती दाबली गेली की थेट झाडाला फटका बसतो. शेवटी २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने तो भाग बंद केला. आत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५००० डॉलरपर्यंत दंड. मेथुसेलाची नेमकी जागा तर वनखातं जाहीरच करत नाही. असं असताना ‘मिठी मारा’ म्हणून हजारो लोकांना चिथावणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

मेसेजमधलं ‘सर्वांत मोठं झाड जनरल शर्मन’ हे खोडाच्या घनफळाने बरोबर: कॅलिफोर्नियातला हा सिकोया वृक्ष सुमारे १४८७ घनमीटरचा आहे.

‘अशा झाडांना काळही हात लावत नाही’ हे मात्र धादांत खोटं. पात्रुत यांच्याच लेखात आहे: सर्वांत जुन्या १३ गोरखचिंचांपैकी ९ झाडं १२ वर्षांत मेली, किंवा त्यांचा सर्वांत जुना भाग कोसळला. पांकेही त्यातलंच. २०२१ च्या वणव्यात जनरल शर्मनचा बुंधा वाचवायला अग्निरोधक ॲल्युमिनियमचं वेष्टन गुंडाळावं लागलं. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत मिळून जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के गेले, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा अंदाज आहे.