भाकरीचा राखणदार

परवा एका संस्थेची निमंत्रणपत्रिका छापायला आली. एका बाजूला मराठी, पाठीमागे इंग्रजी. कार्यक्रम पाण्याच्या टाकीच्या लोकार्पणाचा आणि नावं एकतीस. सेक्रेटरी माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले, आणि दोन तास नावाआधी काय लागतं एवढ्यावरच गेले. 'मा.' की 'मा. ना.'? मंत्र्यांना 'ना.' हवाच, मग माजी मंत्र्यांचं काय करायचं? इंग्रजी बाजूला 'ऑनरेबल' पूर्ण लिहायचं की मधली अक्षरं गाळून आखूड? "दादा, पूर्णच बसवा. आखूड दिसलं तर आबा म्हणतील, माझाच मान कापायला मिळाला का?" पूर्ण बसवायला अक्षर अकरा पॉइंटवरून नऊवर आणावं लागलं.

वीस वर्षं हेच करतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. इंग्रजीतल्या या भारदस्त पदव्यांपुढे आपण उगाच दबून जातो. एकेक शब्द उकलून बघा, आतून बहुतेक वेळा घरगडी निघतो.

लॉर्ड घ्या. जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफवेअर्ड' होता. ह्लाफ म्हणजे पाव, आजचा 'लोफ', आणि वेअर्ड म्हणजे राखणारा. घरातल्या भाकरीचा राखणदार, बस्स. लेडी ही त्याच घरातली पीठ मळणारी. म्हणजे कोपरापर्यंत कणीक लागलेली आपली आजी शब्दाच्या हिशोबाने पक्की लेडी. मार्शल हा मुळात घोड्यांचा चाकर. कॉन्स्टेबल म्हणजे लॅटिनमध्ये तबेल्याचा सरदार, आपल्याकडच्या पागेवरच्या माणसासारखा. पुढे तबेल्यातला मार्शल फील्ड मार्शलपर्यंत चढला (1973 साली माणेकशांना मिळाली ती पदवी), आणि कॉन्स्टेबल चौकात शिट्टी वाजवत उभा राहिला. निघाले दोघं एकाच पागेतून! नाइट म्हणजे पोरगा, हरकाम्या. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'क्नेख्त' अजून नोकरच आहे. मिनिस्टर म्हणजे सेवक, हे तर मंत्री स्वतःच भाषणात सांगतात.

माझा लाडका मात्र चान्सलर. रोमन कचेरीत न्यायाधीशासमोर जाळीचा कठडा असायचा, त्या कठड्यापाशी उभा राहणारा तो चान्सलर. त्याच जाळीच्या शब्दापासून 'कॅन्सल' आला, कारण लिहिलेलं रद्द करताना त्यावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी मारत. मी रोज प्रुफावर तेच करतो. तेव्हा विद्यापीठाच्या कुलपतींशी आमचं लांबचं का होईना, नातं आहे.

'सर' ची गंमत वेगळी. लॅटिनमधल्या 'सीनियर' वरून तो आला, म्हणजे आपल्या भाषेत थोरला. (सरसेनापतीतला सर हा नव्हे. तो फारसीतला, 'डोकं' या अर्थाचा.) इंग्रजी पदवीचा सर पहिल्या नावाला चिकटतो, नुसत्या आडनावाला नाही. म्हणून 'सर रामकृष्ण' बरोबर, 'सर भांडारकर' चूक. आपण मात्र तो आडनावामागे लावून शाळेत नेला. संस्कृत पंडित रामकृष्णपंत भांडारकरांना 1911 साली सरकारने सर केलं, पण डेक्कन कॉलेजात शिकवणारा माणूस आपल्या रिवाजाने पाहिलं तर आधीपासूनच भांडारकर सर होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1914 मध्ये नाइटहुड नाकारलं. कायदेमंडळाच्या सभासदाला 'ऑनरेबल' म्हणत, त्याचं मराठी 'नामदार', आणि तेवढंच त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. आज आमच्या पत्रिकेतला 'ना.' तो हाच.

संस्थानिकांचा मान तर साहेबाने सलामीच्या तोफा मोजून वाटला. बडोदा आणि ग्वाल्हेरला 21, कोल्हापूरला 19. 'हिज हायनेस' म्हणवून घ्यायला निदान 11 तोफा लागत. निजामाला तेवढ्यावर भागेना, म्हणून 1918 मध्ये त्याच्यासाठी खास 'एक्झॉल्टेड हायनेस' काढलं. आबांचा जीव अक्षराच्या पॉइंटात अडकतो तेव्हा मला या तोफा आठवतात.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं बंद करायचं ठरलं होतं. घटनेचं कलम 18 म्हणतं, लष्करी आणि विद्येच्या क्षेत्रातल्या सोडून राज्याने किताब देऊ नयेत. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत आणि ते नावाला जोडून वापरू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. तरी महिन्यातून एक तरी मजकूर 'पद्मश्री' नावाआधी लावूनच येतो. मी सांगून बघतो, उत्तर ठरलेलं: "सगळेच लावतात." 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी देशातल्या कार्यक्रमांत 'हिज एक्सलन्सी' नको म्हणून सांगितलं आणि 'महामहिम' जाऊन 'महोदय' आलं. राष्ट्रपती भवनातून उतरलेली एक्सलन्सी आमच्याकडे मात्र ट्रॉफ्यांवर येऊन बसली. 'एक्सलन्स अवॉर्ड', 'आउटस्टँडिंग पर्सनॅलिटी'. आउटस्टँडिंगचा दुसरा अर्थ थकबाकी, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत नाही. अशा एका पुरस्काराच्या फ्लेक्सचे माझे पैसे मात्र दुसऱ्या अर्थाने अजून आउटस्टँडिंग आहेत.

मान देऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. ती., चि., सौ., वे. शा. सं., रा. रा. या सगळ्यांत आपला जन्म गेला. पण तीर्थरूप लिहिताना वडील डोळ्यांसमोर असायचे. एकतीस वेळा एकच 'ऑनरेबल' कॉपी करून चिकटवताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त कंट्रोल आणि व्ही ही दोन बटणं असतात.

तर ती पत्रिका. शेवटचं प्रूफ वाचताना अगदी तळाला, विनीतच्याही खाली, एक ओळ दिसली: 'भोजन व्यवस्था' आणि पुढे एक नाव. पंधराशे माणसांचं जेवण हा माणूस स्वतःच्या खिशातून घालणार होता. सात पॉइंटची ओळ, नावाआधी मा. नाही, ना. नाही, काहीच नाही. खरं तर त्या पानावरचा एकुलता एक लॉर्ड तो. मी कुणाला न विचारता त्याच्या नावाआधी 'श्री.' टाकलं आणि प्रूफ व्हॉट्सअॅपवर पाठवलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "सगळं ओके. फक्त शेवटचं श्री. काढा, ओळ तुटतेय."