वॉश बेसिनचा व्हेंट पाइप खरेच वायफळ खर्च आहे का?

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर या भागांत जुनी घरे पाडून मजले चढवणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश वरचेवर फिरत असतो. बेसिनखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे थोडे पाणी साचवून ठेवणारे बाटलीसारखे भांडे, असला की व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला हवा पुरवणारा पाइप, हा वायफळ खर्च आहे, वेस्ट पाइपला, म्हणजे बेसिनचे सांडपाणी नेणाऱ्या पाइपाला, जितका उतार द्यावा तितका चांगला, आणि एवढे करूनही वास आलाच तर भिंतीत आणखी एक ट्रॅप बसवावा, असे त्याचे म्हणणे आहे.

पहिले विधान अर्धे खरे असल्यामुळेच अधिक फसवे आहे. वास अडवते ते ट्रॅपमध्ये साचून राहिलेले सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी. ट्रॅपचे पितळ किंवा प्लास्टिक नव्हे. वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली की उभ्या पाइपातून कोसळणारे पाणी मागची हवा ओढत नेते, आणि ती गच्चीवरून मिळाली नाही तर खालच्या बेसिनच्या ट्रॅपमधले पाणी गुडगुड करत खेचले जाते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके देत पडते, दुसरे पाडताच धार लागते. व्हेंट म्हणजे ते दुसरे भोक. कबुतरांच्या त्रासामुळे गच्चीवरच्या पाइपाला बूच मारणारे गृहस्थ हेच भोक बुजवतात. तेथे जाळीची टोपी पुरते.

मात्र आपल्याकडील बऱ्याच बाथरूमांत बेसिनचे पाणी आधी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, जाळीच्या खाली पण साचलेल्या पाण्याच्या वर सोडतात. तेथे जाळीतूनच हवा मिळते, म्हणून तेवढ्या तुकड्याला वेगळा व्हेंट लागत नाही. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा असेच बाथरूम पाहिले असावे. पण मग वास रोखण्याचा सगळा भार नहाणी ट्रॅपवर येतो आणि उभ्या पाइपाची ओढ त्यालाच बसते. जेवणघराच्या कोपऱ्यातले हात धुण्याचे बेसिन डक्टपासून, म्हणजे उभे पाइप जाणाऱ्या मोकळ्या जागेपासून, दूर असते. त्याचा पाइप थेट उभ्या लाइनला जोडायचा असेल, तर ही सवलत मुळीच लागू होत नाही.

उताराचा सल्ला तर उलटाच आहे. ट्रॅपपासून व्हेंटच्या जोडापर्यंत पाइप स्वतःच्या व्यासापेक्षा अधिक खाली गेला, तर पाण्याच्या वरून हवा येण्याची वाट बंद होते आणि बेसिन रिकामे होताना ट्रॅपही स्वतःला उपसून घेतो. ३२ मिलिमीटर पाइपाला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार दिला, तर व्हेंट सुमारे दीड मीटरवर असला तरी चालतो; तोच उतार मीटरमागे आठ सेंटिमीटर केला की हे अंतर जेमतेम ४० सेंटिमीटर उरते.

दुसऱ्या ट्रॅपने दोन्ही ट्रॅपांत साचलेल्या पाण्याच्या मध्ये हवा कोंडते आणि बेसिन तुंबल्यासारखे सावकाश रिकामे होते. मे महिन्यात घर बंद ठेवून गावाला गेल्यावर येणारा वास मात्र निराळा: ट्रॅपमधले पाणी उडून गेलेले असते, आणि तांब्याभर पाणी ओतणे एवढाच त्यावर उपाय आहे.

गच्चीपर्यंत व्हेंट नेणे शक्यच नसेल, तर फक्त आत हवा घेणारी झडप मिळते. ती ओढ थांबवते, पण खालून वर येणारा दाब सोडत नाही; त्यामुळे उभी लाइन गच्चीवर उघडी ठेवावीच लागते, आणि झडप टाइल्सआड न गाडता हात पोहोचेल अशा जागी बसवावी लागते. हे सारे भिंतीला झिरी मारण्यापूर्वी नकाशावर ठरवून घ्यावे.