सड्यावरची रेंज आणि तासाचे आठशे

बाबल फोनवर कोणाशी बोलतो, या प्रश्नावर आमच्या कट्ट्याने तीन महिने काढले. दर गुरुवारी सहा वाजता गॅरेजचं शटर अर्धं ओढायचं, गाडी काढायची, देवळामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जायचं आणि जांभ्यावर बसून तासभर फोन. पाऊस लागल्यावर छत्री घेऊन. गावात रेंज धड नाही आणि सड्यावर मिळते, हे मान्य. पण तासभर? आणि परतताना डोळे लाल? दिगूने पहिल्याच आठवड्यात निकाल लावला होता: बाई.

बाई होतीच. फक्त ती ठाण्यात बसून समुपदेशन करणारी निघाली.

हे बाबलनेच परवा सांगून टाकलं, आणि मग जे झालं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. आमचा कट्टा म्हणजे वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना मंगलाकाकीच्या टपरीसमोरचा पार. सध्या मासेमारी बंद, एकतीस जुलैपर्यंत दिगू पारावर पडीक. बाबलचे मात्र हेच दिवस धंद्याचे, सगळ्यांची इंजिनं आताच उघडली जातात. तात्या एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण तोंडासमोरचा माईक अजून गेलेला नाही. सुरुवात मालवणीत करतात, वाद चढला की शुद्धात शिरतात. दिगूशी ते सात वर्षं बोलत नाहीत. रोज त्याच्याच शेजारी बसतात, पण बोलणं आमच्यामार्फत.

"तासाचे किती घेता ती?" तात्यांनी विचारलं.

"आठशे."

काकीची गाळणी हवेत थांबली.

"आठशे! अरे, आठशेत मी तुझां आठवडोभर ऐकान."

"तुमी?" बाबल शांतपणे म्हणाला. "तात्यानू, माझो बापूस गेलो तेव्हा तुमी घराक इल्लास. मी तोंड उघडलंय, तर तुमी तुमच्या बायपासची गजाल काढलास. दीड तास. शेवटी मीच उठान तुमका पाणी दिलंय."

दिगू हसताना पारावरून घसरला. तात्या म्हणाले, "तेका सांग, दात दिसतत." 

मग शुद्ध मराठी सुरू झालं. आमच्या पिढीला असली थेरं नव्हती. मन मोकळं करायला मित्र होते, देव होता. गाऱ्हाणं घातलं की माणूस हलका व्हायचा. गाऱ्हाणं म्हणजे तरी दुसरं काय?

मला हा मुद्दा थोडा पटत होता, खरं सांगतो. देवासमोर उभं राहून आपलं दुखणं मोठ्याने, चारचौघांत बोलायचं, ही काही लहान गोष्ट नाही. पण बाबलकडे उत्तर तयार होतं.

"गाऱ्हाण्याक सगळो गाव 'व्हय म्हाराजा' म्हणता. माझ्या बाईन इतक्या खेपांत एकदा पण व्हय म्हटल्यान नाय. विचारता, असं कशावरून?"

एवढ्यात शामल आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स, बाबलची चुलतबहीण. चहा घ्यायला थांबली आणि वादात सापडली. तात्यांनी तिलाही सोडलं नाही. "तू सांग गो. डोकां फिरला तर रत्नागिरीक धाडतत. नसात फिरला तर गप कामाक लागाचा. मधी आणि काय असता?"

रत्नागिरीचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळातलं. आमच्याकडे "तुका रत्नागिरीक धाडूक व्हयो" ही शिवी आहे, आणि लोकांची अर्धी भीती त्या एका वाक्यात बसलेली आहे.

शामल म्हणाली, "तात्यानू, तुमची एसटी कुडाळाक थांबता, कणकवलीक थांबता, राजापुराक थांबता. आणि माणूस हयसून सुटलो तो थेट रत्नागिरी? मधी एकय थांबो नाय?"

तात्यांना एसटीतलं उदाहरण दिलेलं खपत नाही. ते चहा पिऊ लागले.

मग तिने गोव्याचं सांगितलं. बांदा ओलांडला की गोवा, आणि तिथे 'संगाथ' नावाची संस्था हे काम 1996 पासून करते आहे. त्यांनी दहा आरोग्य केंद्रांत प्रयोग केला. चांगलंच नैराश्य असलेली पाचशेच्या आसपास माणसं. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते. तिथलीच साधी माणसं, शिकवून तयार केलेली. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर शंभरातले 64 त्या आजारातून बाहेर आलेले. ज्यांना भेटी नव्हत्या, नुसते नेहमीचे उपचार होते, त्यांच्यात 39. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

"भेटींत करतात काय?" मी विचारलं.

"मन लागेल तेव्हा करीन, असं म्हणत माणूस घरात बसतो. बसला की मन आणखी लागत नाही. म्हणून आधी छोटं काहीतरी करायला लावतात. विहिरीवर जा, शेजारणीकडे जा. मन मागाहून येतं."

मला झिंबाब्वेचं आठवलं आणि मी नको तिथे तोंड घातलं. हरारेत डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांनी 2006 साली चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. तिकडे या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थच 'फार विचार करणं'. लोक येतात, आजीशेजारी बसतात, बोलतात.

"म्हणजे कट्टो!" तात्या उभेच राहिले. "मी काय म्हणत होतंय?"

"त्या आज्यो ऐकतत," शामल म्हणाली. "आणि ऐकलेला सांजच्या आत बाजारात पोचवत नाय."

इथे सगळ्यांनी दिगूकडे पाहिलं. बाबलच्या बाईची बातमी बाजारात कोणी पोचवली, हे उघड होतं.

"पण तू गेलंस कित्याक?" दिगूने विषय बदलायला विचारलं.

बाबलने सांगितलं. छातीत दुखायचं म्हणून ईसीजी काढला, तो बरा निघाला. झोप नाही. कर्जाचा हप्ता, मुलाची दहावी, आणि बापूस गेल्यापासून डोक्यात एक भणभण. शिमग्याच्या आदल्या दिवशी पोरगा गॅरेजात आला, काहीतरी उलट बोलला.

"पानो फेकून मारलंय तेका. लागलो नाय. कानाकडसून गेलो. भिंतीक खड्डो पडलो, तो अजून आसा."

कोणी काही बोललं नाही. काकीने स्टोव्ह बारीक केला.

"कितीचो पानो?" तात्यांनी विचारलं.

"अठरा-एकोणीस."

पहिला बाबलच हसला, मग सगळे. तात्या असा प्रश्न मुद्दाम विचारतात की त्यांना खरोखरच पाना किती नंबरचा हे कळायला हवं असतं, ते मला आजवर समजलेलं नाही.

आठशे रुपयांत मिळालं काय, तर एक वही. प्लग नि ऑइलच्या हिशोबाचीच, मागच्या पानावरून सुरू केलेली. चार रकाने: काय झालां, मनात काय इला, अंगात काय झालां, मगे काय केलंय. पोराने फोन उचलला नाही. मनात आलं, पोर हातचं गेलं. छाती आवळली. घरी जाऊन ताट लोटलं. आणि फोन? चार्जिंगला लावलेला होता.

"दोन म्हयने लिवलंय. प्रत्येक पानार ताच. पोर हातचा गेला. एक दिवस बाईन विचारल्यान, ह्या वाक्य कोणाचा? तेव्हा कळला. माझो बापूस माका म्हणी ता." तो थांबला. "बापूस गेल्यार मी रडाक नव्हतंय. सड्यार रडलंय."

शामलने मग नर्ससारखं बजावलं की सगळ्यांना नुसतं बोलून भागत नाही, काहींना डॉक्टर लागतो, गोळ्याही लागतात. आणि आठशे परवडत नसतील तर 14416 आहे, सरकारचं टेली-मानस, दिवसरात्र, फुकट, मराठीत. 'फुकट' हा शब्द ऐकून तात्या क्षणभर थेरपीच्या बाजूला झुकले.

पण लगेच सावरले. "हे सगळं दुबळ्या मनाच्या लोकांसाठी. माझ्या मनात काही साठत नाही. आलं की बोलून मोकळा."

"सात वर्सां दिगूशी बोलूक नाय ता?" काकी म्हणाली. तिचं हे त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

"तो विषय वेगळा. त्याने वास्तुशांतीला अख्ख्या वाडीला बोलावलं. मला सोडून."

बाबलने वही उघडली. "काय झालां? दिगून बोलावल्यान नाय. मनात काय इला?"

"मुद्दाम बोलावल्यान नाय."

"असं कशावरून?"

"कशावरून म्हणजे? कार्ड येवक नाय!"

"मी स्वतः घराक दिलंय," दिगू ओरडला. "काकींच्या हातात!"

"तेका सांग, खोटां बोला नको."

बाबलने तात्यांच्याच फोनवरून त्यांच्या घरी, तात्यांच्या बायकोला, म्हणजे दुसऱ्या काकींना लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडून कुकरची शिटी आणि मग काकी. "कार्ड? दिगूच्या घराचा? आसा मा. मागे दुधाचो हिशोब लिवलंय, फळीर आसा. तुमका दाखवलंय तेव्हा. तुमी बातम्यो बघी होतास, म्हणालास ठेव थंय."

तात्यांनी फोन बंद केला. दिगू पारावर आडवा होऊन पोट धरत होता, शामलच्या कपातला चहा तिच्या ड्रेसवर. असं करायचं नसतं, बाई असं कोणाला उघडं पाडत नाही, हे बाबल पुन्हा पुन्हा सांगत होता, पण हसत हसत.

"कार्डावर नाव काय घातलां होतां पण?" तात्यांनी शेवटचा किल्ला लढवला. "दत्तात्रय आसतला. माझा नाव दत्ताराम."

कोणी उत्तर दिलं नाही. पाऊस आला, सगळे टपरीच्या पत्र्याखाली सरकलो. जागा कमी, त्यामुळे तात्या आणि दिगू खांद्याला खांदा लावून. बराच वेळ तात्या रस्त्याकडे बघत होते. मग मान न वळवता, पण मधल्या कोणालाही न सांगता म्हणाले,

"जेवणाक काय होतां रे?"

दिगू दचकला. "वडे. आणि काळ्या वाटाण्याचो सांबारो."

"पातळ झालो आसतलो," तात्या म्हणाले.