घराण्याला एक तरी शाप हवाच

लग्न फसलंय? मग पत्रिका, मेहुणे, स्वतःचा स्वभाव असलं काही चाचपत बसू नका. आधी घरातल्या जाणत्यांना विचारा, आपल्या खापरपणजोबांनी एखादी चेटकीण जाळली होती का? नसेल, तर कठीण आहे. सगळं खापर तुमच्याच डोक्यावर.

दिग्दर्शक रने क्लेअरच्या 'आय मॅरीड अ विच' (१९४२) या चित्रपटातल्या वूली घराण्याने ही तजवीज वेळेवर केली. त्यांच्या मूळपुरुषाने अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकीण जेनिफर आणि तिच्या बापाला जाळवलं, आणि आत्मे अडकून राहावेत म्हणून राख ओकाच्या झाडाखाली पुरली. जाळण्याच्या त्या सोहळ्यात मधे चक्क मध्यंतर होतं आणि फेरीवाला मक्याच्या लाह्या विकतो, तेव्हा तुम्ही असा कार्यक्रम ठेवलात तर खाण्यापिण्याचं बघा. खऱ्या सेलमच्या १६९२च्या खटल्यांत कुणालाच जाळलं नव्हतं, १९ जणांना फाशी दिलं होतं. पण फाशीतून राख उरत नाही, मग ओकाखाली पुरायचं काय? आणि काही शतकांनी त्या झाडावर वीज पडून सुटणार कोण?

जेनिफरचा शाप असा, की वूलींना बायको चुकीचीच मिळेल. म्हणून गव्हर्नरपदाला उभा राहिलेला वॉलेस वूली कुणाशी लग्न ठरवतो? वृत्तपत्राच्या मालकाच्या मुलीशी. सासरा प्रचाराची बाजू सांभाळतोय, निवडणूक तोंडावर आलीय, आणि मुहूर्त आदल्या दिवसाचा! इतकी मोजूनमापून केलेली सोयरीक, तीसुद्धा शापामुळेच बरं का. बिचाऱ्याचा काय दोष?

मुलींनो, सूड घ्यायचा तर प्रेमात पाडणारा काढा करा, पण पेल्यावर नजर ठेवा. जेनिफरच्या डोक्यात भिंतीवरची तसबीर पडते, वॉलेस घाबरून हाताला लागेल तो पेला तिच्याच तोंडाला लावतो, आणि करायला गेले गणपती, झाला मारुती. एरवी जेनिफर झालेली व्हेरोनिका लेक एका डोळ्यावर बट सोडून वावरते. नवरा पारखायला तेवढा एक डोळा पुरतो म्हणा.

तरुण उमेदवारांनो, तुम्ही मात्र चेटकीणच करा. मोडलेल्या लग्नाची बोंब गावभर झालेली असताना जेनिफर नवऱ्याला एकूण एक मत मिळवून देते, प्रतिस्पर्ध्याचं स्वतःचं मतसुद्धा. सभा नकोत, जाहीरनामा नको. राहता राहिला सासरा, म्हणजे जेनिफरचा बाप. त्याला दारूच्या बाटलीत घालून बूच घट्ट लावावं आणि कपाटाची किल्ली बायकोच्या कमरेला ठेवावी. मधूनमधून आतून गाणं ऐकू आलं तर पाहुण्यांना सांगा, रेडिओ आहे.