दुपारी पाठ टेकली की आयुष्य घटतं म्हणे!

उन्हाळा लागला की फिरू लागणारा तो फॉरवर्ड यंदा आमच्या आत्याच्या फोनवर पोचला. त्यात मुद्दे चार. आयुर्वेदात दिवसा झोपायला सक्त मनाई आहे, उन्हात घाम गाळला की शरीरातलं विष निघून जातं, आरामाने शरीर लाडावतं, आणि यशस्वी माणसं ऋतू बघत नाहीत. सत्तरी ओलांडलेली आत्या तेव्हापासून दुपारी पलंगाकडे फिरकत नाही. बिनपाठीच्या स्टुलावर बसून राहते, डुलकी लागली की दचकते आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकते, "झोपले नव्हते हं मी."

आधी आयुर्वेद, कारण आत्या त्याच नावाला भुलली. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या पहिल्या भागातला, म्हणजे सूत्रस्थानातला 21 वा अध्याय उघडा. दिवसा झोपल्याने कफ-पित्त वाढतं असं तिथे आहे, खरंय. मेदस्वी आणि कफप्रकृतीच्या माणसांना तर साफ मनाई आहे. फॉरवर्डवाल्याने तेवढंच उचललं. पण कफ-पित्ताचा तो श्लोक सुरूच होतो 'ग्रीष्म सोडून इतर काळात' असा! आणि त्याच्या आधीचाच श्लोक म्हणतो की उन्हाळ्यात शरीर रूक्ष होतं, वात वाढतो, रात्री फार लहान असतात, म्हणून दिवसा झोपणं चांगलं. म्हातारी माणसं, मुलं, अशक्त, ओझी वाहून नाहीतर चालून थकलेले, यांना तर बारा महिने मुभा. सहाव्या अध्यायात ग्रीष्माची चर्या आहे, तीही वाचा. दिवसा थंड घरात झोपा, असं स्पष्ट सांगितलंय. टाळायला सांगितलाय तो व्यायाम. ग्रंथाचं नाव घ्यायचं आणि नेमकं त्याच्या उलट सांगायचं, याला काय म्हणावं?

आता ते विष. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. त्याचं काम अंग गार ठेवण्याचं. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, आणि उन्हात राबून पाणी कमी पडलं की ताण त्या मूत्रपिंडांवरच येतो. हवा दमट असली तर घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. वय झालं की घाम कमी येतो, तहानही उशिरा कळते. अंगातलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात. तेव्हा अंग गार करत दवाखाना गाठायचा असतो.

लाडावण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. शरीर उष्णतेला सरावतं, पण एक-दोन आठवडे घेऊन. म्हणून कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था सांगते की उष्ण जागी नव्या कामगाराला पहिल्या दिवशी 20 टक्केच काम द्या आणि रोज फार तर 20 टक्क्यांनी वाढवा.

यशस्वी माणसांबद्दल एवढंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार 33-34 अंशांना मध्यम कष्टाचं काम करणाऱ्याची क्षमता निम्म्यावर येते. यश बघून ऊन सवलत देत नाही.

हां, संध्याकाळी पाचला ताणून दिली तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे कबूल. मग जेवण झाल्यावर थोड्या वेळाने अर्धा तास पडा. झोप लागलीच पाहिजे असंही काही नाही.