बुरशीची मोजणी

काल रात्री सासरेबुवांनी काळा चष्मा लावून मला परग्रहावरची बुरशी शोधून दिली. आज सकाळी साताऱ्याहून मेहुण्याचा फोन. "काय दाजी, बुरशीला काय भाव चाललाय?"

गेमचं नाव एलिट डेंजरस. आला 2014 साली, आत अख्खी आकाशगंगा, चाळीस हजार कोटी तारे. ग्रहावर काय आहे ते बघायला आधी यानातून प्रोब, म्हणजे छोटी शोधयंत्रं, सोडायचे. पलीकडच्या बाजूला पोचवायचा तर नेम ग्रहाच्या कडेबाहेर धरायचा, गुरुत्वाकर्षण त्याला वळवून मागे नेतं. इथवर झकास. भूगर्भातल्या वाफा-फवाऱ्यांचा तर नेमका ठावठिकाणा मिळतो. सजीवांचं म्हटलं की मात्र नुसते रंगाचे पट्टे. या पट्ट्यात कुठेतरी असेल, बघा बुवा! पट्टा कधीकधी अर्ध्या ग्रहाएवढा. मग यान खाली आणून जमिनीलगत रांगत फिरायचं. त्यात बॅक्टेरियम, म्हणजे आमच्या घरच्यांची 'बुरशी', हा सपाट जमिनीवरचा नुसता डाग. नमुने तीन घ्यायचे, दोन नमुन्यांत किमान 500 मीटर अंतर.

सासरेबुवा भूमि अभिलेख खात्यातले निवृत्त भूकरमापक. मोतीबिंदूसाठी आमच्याकडे आलेत. टीव्ही बघायचा नाही असं त्यांच्या लेकीनं बजावलंय, म्हणून माझ्या मागे खुर्ची टाकून बसतात. हा टीव्ही नव्हे, असा त्यांचा निवाडा.

"गट नंबर काय?"

"गट नाही हो, ग्रह आहे."

"असेल. पण गावनकाशा कुठाय?"

मी पट्टे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, परत खाली केला. "हा नकाशा? असला कागद मी साहेबांपुढे ठेवला असता तर त्याच कागदात त्यांनी मला भजी बांधून दिली असती."

मग जमीन मोजायच्या जुन्या शंकू साखळीचा विषय निघाला. 33 फुटांची, सोळा आण्यांची. 33 बाय 33 झाला एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बाभळीच्या काट्यांतून ती कशी ओढली, बांधावर दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन कसे उभे होते आणि चहा मात्र दोघांनी वेगवेगळा कसा पाजला. तोवर माझं यान एका टेकाडावर घासलं.

"हे पाचशे मीटर कोण मोजतं?"

"यंत्र."

"म्हणूनच भावकीचे दावे संपत नाहीत."

थोडा वेळ शांतता. मग हळूच, "मिळतात किती?"

"या जातीचे दहा लाख."

चहाचा कप खाली ठेवला गेला. "दहा लाख?"

"गेममधले."

कप उचलला गेला. "असू दे, असू दे."

पुढचं मला अजून सलतंय. "जावईबापू, भर दुपारी काय हिंडताय? ऊन डोक्यावर असलं की बांधसुद्धा दिसत नाही. सूर्य कलतो तिथं चला." आता हे मला ठाऊक नव्हतं का? दिवस-रात्रीच्या सीमेवर उतरायचं, म्हणजे सावल्या लांब पडून जमिनीचा उंचसखलपणा कळतो, ही सगळ्यांची जुनी युक्ती. मी तिकडेच निघालो होतो. पण त्यांनी आधी उच्चारलं, त्यामुळे आता ती त्यांची युक्ती.

"थांबा. डावीकडे. तो काळपट."

"ती दगडाची सावली."

"सगळ्या सावल्या उजवीकडे लांबल्यात. ही एकटीच गोल कशी?"

उतरलो. बॅक्टेरियम. मागे टाळी वाजली आणि लगेच स्वयंपाकघराकडे हाक गेली, "अगं, सापडली यांची बुरशी! मीच दाखवली."

सासरेबुवांवर माझा राग नाही. निदान फारसा नाही. पण प्रकाशवर्षं ओलांडणारं इंजिन ज्या यानात आहे, त्यातल्या माणसानं एका डागासाठी काचेला नाक लावून का बसावं? दिवसभर ऑफिसात लोकांच्या एक्सेलमधल्या चुका हुडकायच्या आणि रात्री स्वतःच्या पैशानं विकत घेतलेल्या गेममध्ये तेच करायचं. वर घरच्यांना वाटतं मी मजा मारतो.

एक नमुना झाला, तेव्हा अकरा वाजले होते. सासरेबुवा औषधाचे थेंब घालून झोपायला गेले. जाताना म्हणाले, "माझ्याशिवाय पुढची मोजणी करायची नाही. पंच हजर पाहिजे." दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर ते इथंच थांबायचं म्हणतायत.