‘१६ तासांच्या नोकरी’चा अपुरा हिशेब

‘प्राध्यापकांना आठवड्याला १६ तास काम, वर्षाकाठी चार महिने सुट्टी आणि लाखाच्या घरात पगार, सरकारी खर्चाने प्रशिक्षणे होतात तरी शिकवणे सुधारत नाही, कारण कामाची इच्छाच नाही,’ असा मजकूर मुंबईतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तो खरा मानून उपाय योजले, तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी १६ तास सांगितले आहेत ते केवळ प्रत्यक्ष अध्यापनाचे. त्याच विनियमांत आठवड्याचा एकूण कार्यभार किमान ४० तासांचा आहे. तासांची तयारी, उत्तरपत्रिका, परीक्षेचे पर्यवेक्षण, प्रवेशाची कामे आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेसाठीच्या फायली या उरलेल्या वेळात होतात. महाविद्यालयाच्या वर्षात ३० आठवडे अध्यापन, १० आठवडे प्रवेश व परीक्षा, १० आठवडे सुट्टी आणि २ आठवडे सार्वजनिक सुट्ट्या धरलेल्या असतात. तेव्हा चार महिन्यांचा आकडा कोठून आला, हे तो पसरवणाऱ्यांनीच सांगावे.

पगाराचे विधान कायम प्राध्यापकांपुरते खरे आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, सुट्टीचे नाही.

प्रशिक्षणाविषयीचा आक्षेप मात्र सविस्तर उत्तर मागतो. शाळेत शिकवायला बी.एड. किंवा डी.एड. लागते, महाविद्यालयात पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी बहुपर्यायी प्रश्न असतात, पण तो सोडवणाऱ्याने एकदाही फळ्यापुढे उभे राहिलेले असण्याची अट नाही. असा उमेदवार जूनमध्ये रुजू होतो आणि प्रथम वर्ष वाणिज्यच्या शंभराहून अधिक मुलांच्या वर्गात जातो. बारावीपर्यंत मराठीतून घसारा आणि ताळेबंद शिकलेली, विरार-बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून आलेली मुले तेथे इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडून बसलेली असतात. त्यांना हिशेबाची तीच नोंद आधी मराठीतून उलगडून मग इंग्रजी उत्तरापर्यंत कसे न्यायचे, हे त्या शिक्षकाला कोणीच शिकवलेले नसते.

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी १९८०च्या दशकात सुरू झालेली अकॅडमिक स्टाफ कॉलेजे पुढे मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेखाली आली. तेथील अभ्यासक्रम पदोन्नतीच्या अटींशी बांधलेले आहेत, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले की बहुतेकदा विषय संपतो. परतलेल्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून काय बदलले हे पाहणारा क्वचितच कोणी असतो. तासिका तत्त्वावरील शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर त्या दिवसांचे मानधन बुडते. म्हणजे ज्याला प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज, त्यालाच ते परवडत नाही.

काही जण तास बुडवतात, हे खरेच. त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण मुंबई विद्यापीठात २०१७ साली पुरेशा पूर्वतयारीविना संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सर्वत्र लागू झाली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. तो गोंधळ प्राध्यापकांच्या आळसातून झालेला नव्हता.

म्हणून मागणी करायचीच असेल तर ती अशी करावी: नव्या शिक्षकाला पहिल्या सत्रात निम्मेच तास द्यावेत, अनुभवी सहकाऱ्याने त्याचे तास पाहून त्याच्याशी बोलावे, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन तासिका तत्त्वावरील शिक्षकालाही मिळावे.